सिक्युरिटी, एक लॉट

वादी सुफैरमधून फौज परत गेली त्या सकाळी तिला निरोप द्यायला एकच सिव्हिलियन हजर होता, आणि तोही सही करायची म्हणून थांबलेला. त्याचं नाव दत्तप्रसाद तेंडोलकर. मूळचा दहिसरचा, दुबईत नऊ वर्षं झालेली, रणजित घोरपड्यांच्या मेंटेनन्स कंपनीत सुपरवायझर. कंपनीचं ऑफिस दुबईतल्या देऱ्यात, एका सोनाराच्या दुकानाच्या डोक्यावर. कामं मात्र जिथे कुठे एसी बंद पडेल तिथे. या कँपचे एसी, जनरेटर आणि पाण्याचे पंप कंपनीकडे होते आणि गेली सहा वर्षं दत्तप्रसाद दर पंधरा दिवसांनी तिकडे फेरी मारत असे.

वादी सुफैर हे डोंगरांच्या बेचक्यातलं गाव. साठेक घरं, खजुरीच्या बागा, एक मशीद, मुश्ताकचं किराणा दुकान. तिथून दोन किलोमीटरवर अगदी असंच दुसरं गाव, पण ते ओमानचं. मधली हद्द नक्की कुठून जाते यावर दोन्हीकडच्या कागदांचं एकमत होत नव्हतं, म्हणून अकरा वर्षांपूर्वी इथे फौज बसवली होती. सन दोन हजारच्या उन्हाळ्याआधी तेवढा तुकडा कागदावर मिटला, हस्तांदोलनाचे फोटो निघाले आणि फौजेला तिथे काही काम उरलं नाही. तसं आधीही फारसं नव्हतं. जवान संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळत, दुपारी झोपत आणि डिश अँटेना हलली की दत्तप्रसादला फोन करत.

प्रश्न कँपचा होता. तो दुसऱ्या एका खात्याकडे जायचा होता. त्या खात्याचं म्हणणं, आमची कमिटी येऊन पाहणी करेल, मगच ताबा घेऊ. कमिटी ऑगस्टअखेरीशिवाय बसणार नव्हती, कारण उन्हाळ्यात अध्यक्ष सोडून तिचे बाकीचे मेंबर थंड देशांत जात. तोवर तिथे एक जबाबदार माणूस ठेवा, असं फौजेने रणजितला कळवलं आणि रणजितने दत्तप्रसादला.

"दोन महिने, दत्ता. वहिनींना आणि मुलीला घेऊन जा. शाळेला सुट्टीच आहे. ऑफिसरचा बंगला मिळतोय, तीन एसी. हॉलिडे समज."

दत्तप्रसादने घरी येऊन हे सांगितलं. घर म्हणजे देऱ्यातल्या एका फ्लॅटमधली एक खोली. दुसऱ्या खोलीत कोट्टायमचं एक जोडपं आणि किचन दोघांत. अनुराधाची वेळ सहा ते सव्वासात. चार वर्षं ती घड्याळाकडे बघत फोडणी करत होती.

"किचन अख्खं आपलं?" तिने एवढंच विचारलं.

"अख्खं."

"मग विचारतोस काय?"

तेरा वर्षांच्या मुग्धाने कानातले इअरफोन काढून विचारलं, "इज देअर इंटरनेट?" फोन आहे म्हटल्यावर तिने इअरफोन परत घातले.

फौजेच्या कारकुनाने यादी वाचायला घेतली आणि दत्तप्रसाद प्रत्येक ओळीपुढे टिक करत गेला. पलंग बेचाळीस. ब्लँकेटं दोनशे बारा. जनरेटर तीन, पैकी एक बंद. लाल-पांढरा बॅरियर एक. शेवटी छापील फॉर्मवर एक रकाना होता, सिक्युरिटी. त्यात पहाऱ्यावरच्या जवानांचा आकडा लिहायचा असे. जवान तर ट्रकमध्ये चढून बसले होते. शून्य लिहावं तर वरून विचारणा होणार, कोरं सोडावं तर फॉर्म परत येणार. कारकुनाने डोकं खाजवून दत्तप्रसादलाच विचारलं, जे मोजता येत नाही ते तुम्ही लोक बिलात कसं लिहिता?

"एक लॉट," दत्तप्रसाद सवयीने म्हणाला. प्लंबिंग, एक लॉट. वायरिंग, एक लॉट. असं त्याने आयुष्यात हजार वेळा लिहिलं होतं.

कारकुनाने लिहिलं, 'सिक्युरिटी, एक लॉट'. दत्तप्रसादने खाली सही केली, 'मिळाले'.

कॅप्टनने किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला. "खलास, दत्ता. बॉर्डर खलास. अब सब भाई-भाई." आणि सात ट्रक धूळ उडवत निघून गेले. मुग्धा बंगल्याच्या पायरीवर बसून ते बघत होती. शेवटच्या ट्रकमधल्या जवानाने हात हलवला म्हणून तिनेही हलवला.

फौज असताना बॅरियर अकरा वर्षं वरच असे. पण यादीत 'बॅरियर, बंद स्थितीत' असं लिहिलं होतं, आणि दत्तप्रसाद यादीप्रमाणे चालणारा माणूस होता. त्याने तो खाली केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्यासमोर हॉर्न वाजायला लागले. बॅरियरमागे तीन ट्रक उभे होते. ओमानच्या बाजूला दगडाच्या खाणी होत्या, तिथली खडी दुबईच्या बांधकामांना जायची, तेच हे ट्रक. बॅरियरच्या डाव्या हाताला पन्नास मीटर सपाट मोकळं माळरान होतं, उजव्या हाताला त्याहून जास्त. तिथून उंटांचा काफिला गेला असता. पण तिन्ही ड्रायव्हर निमूट उभे होते.

दत्तप्रसाद बर्म्युडावर बाहेर आला आणि त्याने बॅरियर वर केला. पहिल्या ट्रकमधून खैरुद्दीन उतरला. हा रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, दात पानाने लाल. त्याने कागद पुढे केले.

"मला काय दाखवता? फौज गेली. मी मेंटेनन्सचा माणूस."

"तेंडोलकर भाऊ, बघा तरी."

"अहो, पण मी बघून करू काय?"

"काय करू नका. नुसतं बघा. कुणी बघितल्याशिवाय पुढे जायला बरं नाय वाटत."

दत्तप्रसादने बघितलं. कागद अरबीत होते, त्यातले आकडे तेवढे त्याला कळले. त्याने मान डोलावली. खैरुद्दीनचा चेहरा खुलला. मागच्या दोघांनीही कागद दाखवले आणि मान डोलावून घेतली. ट्रक गेल्यावर दत्तप्रसादने बॅरियर वरच ठेवला, म्हणजे कटकट मिटेल.

तिसऱ्या दिवशी हॉर्न पुन्हा वाजले. बॅरियर खाली होता. एका पठाण ड्रायव्हरने स्वतः उतरून तो खाली केला होता आणि मग त्यामागे उभं राहून तो हॉर्न वाजवत होता.

"खुला रास्ता था," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. "कोई भी आ-जा सकता है. डर लगता है, भाईसाब."

पहिल्याच आठवड्यात बू राशिद आला. हा गावातला सगळ्यात वयस्कर माणूस. खजुरीची झाडं या बाजूला, शेळ्या आणि धाकटी बायको त्या बाजूला. अनुराधाने पोहे केले होते. त्याने ते खाल्ले, आणखी मागितले आणि मग आपल्या मोडक्या हिंदीत मुद्दा मांडला. एक शेळी गेली आहे. चोरी आहे. ओमानवाल्यांचं काम.

"बाबा, शेळ्या तर आधीही जात होत्या," दत्तप्रसाद म्हणाला. "तेव्हा तुम्ही लांडगा म्हणायचात."

"तब आर्मी था. आर्मी था तो भेड़िया था. अभी आर्मी नहीं, तो चोर."

दोन दिवसांनी ओमानच्या गावातून दोघे जण आले. त्यांची पाण्याची मोटर गेली होती. चोरी, त्यांच्या मते अमिरातवाल्यांची. फौज होती तोवर ही बाजू धाकात होती, आता काही खरं नाही. म्हणजे फौज ज्यांच्याविरुद्ध बसवली होती तेसुद्धा तिच्या जाण्याने हवालदिल झाले होते. मोटर आठवड्याने दुरुस्तीच्या दुकानात सापडली, शेळी बू राशिदच्या धाकट्या बायकोने पाहुण्यांसाठी कापल्याचं उघड झालं, पण तोवर दोन्ही गावांत भीती स्थिरावली होती. पाहुण्यासारखी आली आणि घरच्यासारखी राहिली.

मुश्ताकने देऱ्याला जाऊन कुलपांची तीन खोकी आणली. ज्या घरांना आजवर कडीही नव्हती तिथे पितळी कुलपं लटकली. लोकांना कुलूप लावता येत होतं, नाही असं नाही. किल्ली जपायची सवय नव्हती. रोज कुणी ना कुणी दत्तप्रसादला बोलवायला येई. तो हॅकसॉ घेऊन जाई आणि कुलूप कापून देई. त्या उन्हाळ्यात वादी सुफैरमध्ये जेवढी घरं फोडली गेली, ती सगळी त्यानेच फोडली.

शेवटी त्याने रणजितला फोन लावला. आधी रणजित ओरडला. "हात लावू नकोस कशाला. आपण काँट्रॅक्टर आहोत, सरकार नाही." मग त्याचा आवाज उतरला. "थांब. रोज किती गाड्या येतात म्हणालास?"

"तीस-पस्तीस."

"हे बघ, एक रजिस्टर घाल. कोण आलं, कोण गेलं. आणि कँपचे लाइट लावून ठेव संध्याकाळचे. रेकॉर्ड तयार झालं की कमिटीपुढे ठेवता येईल. सिक्युरिटी हा आता मोठा बिझनेस आहे, दत्ता. एसीपेक्षा बरा. बिघडला तरी गरम होत नाही."

रजिस्टर अनुराधाने घेतलं. बंगल्याच्या व्हरांड्यात टेबल मांडलं, पेडेस्टल फॅन लावला, शेजारी पाण्याचा माठ. दत्तप्रसादच्या पंप-जनरेटरच्या फेऱ्या चालूच होत्या, आणि तिचं अख्खं किचन आवरून अकरा वाजताच रिकामं होत होतं. अख्खं किचन मिळाल्यावर त्यात घालवायला वेळ लागतच नाही, हे तिला नव्याने कळलं होतं. ती मराठीत लिहायची. ते कुणालाच वाचता येत नव्हतं, त्यामुळे रजिस्टरला भलतंच सरकारी वजन आलं. ड्रायव्हर वाकून आपल्या नावाची ओळ बघत आणि समाधानाने निघत.

मग शिक्का आला. खडीच्या मुकादमांना पुरावा हवा होता की गाडी या वाटेने गेली. दत्तप्रसादकडे कंपनीचा एकच शिक्का होता, स्पेअर पार्ट घेताना मारायचा. त्यावर इंग्रजीत आणि अरबीत लिहिलं होतं, 'तपासून घेतले. मोडतोड नाही.' त्याने तो मारायला सुरुवात केली. ट्रकच्या कागदांवर ते शोभून दिसे. पण लोकांना शिक्क्याची गोडी लागली. बू राशिदने आपल्या नातवाच्या लसीच्या कार्डावर मारून घेतला. मुश्ताकने दुकानाच्या लायसन्सवर. आणि एका शुक्रवारी ओमानच्या गावातून लग्नाचं वऱ्हाड आलं, चार पिकअप भरून, तर नवरीच्या आईने पाहुण्यांची यादी टेबलावर ठेवली आणि पहिल्या नावावर, म्हणजे मुलीच्या नावावर बोट टेकवलं. इथे मारा.

दत्तप्रसादने शिक्का उचललाही होता. अनुराधाने त्याचा हात धरला.

"वेडा आहेस का? मोडतोड नाही, हे नवऱ्या मुलीच्या नावावर मारणार तू?"

"अगं, ते मागतायत."

"मागू देत."

तिने यादी ओढून घेतली आणि मुलीच्या नावापुढे हाताने मराठीत लिहिलं, 'सुखाने नांदा.' नवरीच्या आईला ते पटेना. शिक्का का नाही? मुलीत काही कमी आहे का? शेवटी मुग्धाने मध्यस्थी केली. तिच्याकडे चमकीची पेनं होती. तिने त्या अक्षरांभोवती सोनेरी चौकट काढली. "देअर. व्हीआयपी," ती म्हणाली. आई खूश झाली, वऱ्हाड गेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हर लोक दबक्या आवाजात विचारू लागले, सोनेरीवाला मिळेल का?

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण अनुराधा रजिस्टरमध्ये काय लिहीत होती ते दत्तप्रसादनेही नीट वाचलं नव्हतं. तिने पहिल्या पानावर रकाने आखले होते: नाव, गाडी, माल, वेळ. तिसऱ्या पानापासून रकाने मोडले. नुसतं 'खडी, खडी, खडी' लिहून तिला कंटाळा आला असावा. ती माणसं लिहायला लागली. 'गुल मोहम्मद. डोळे लाल, रात्रभर गाडी चालवलीय. व्हरांड्यात तासभर झोपायला लावलं, मग सोडला.' 'बानू, टेलर, त्या गावची. सोबत लहान मुलगा, ताप. क्रोसिन अर्धी दिली. उद्या विचारायचं.' 'मुलाचा ताप उतरला.' 'इंजिनियर, टाय, नाव सांगितलं नाही. मिजास.'

जुलै संपत आला होता. एका दुपारी अडीचच्या सुमाराला दत्तप्रसाद जेवून आडवा झाला होता. अनुराधा आत आली.

"खैरुद्दीन आला नाही."

"येईल."

"नऊला रिकामा गेला. रोज बाराला भरून परत येतो. अडीच वाजले."

"खाणीत गर्दी असेल गं."

"मी लिहिलंय." ती रजिस्टर घेऊनच आली होती. "'आज खालच्या वाटेने जाणार, वरच्या रस्त्यावर खड्डे फार, म्हणतो.' खालची वाट म्हणजे वादीतून, कोरड्या नदीतून ना? तिथे या उन्हात कोण जातं?"

दत्तप्रसाद उठून बसला. बाहेर सत्तेचाळीस डिग्री होतं. त्याने फौजेचा आणीबाणीचा नंबर फिरवला, भिंतीवर लिहिलेलाच होता.

"कोण बोलतंय?"

"सुफैर कँप."

"कुठलं युनिट?"

"मेंटेनन्स."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "सुफैरला कँप नाही. बंद झाला." फोन ठेवला गेला. त्याने त्या दुसऱ्या खात्याला लावला. तिथल्या माणसाने सांगितलं की कँप अजून आमच्या ताब्यात आलेला नाही, तुम्ही फौजेला फोन करा, इन्शाल्ला ते बघतील.

अनुराधा तोवर चप्पल घालून बू राशिदच्या बागेकडे निघाली होती. म्हाताऱ्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. पिकअप काढला, त्यात पाण्याचे कॅन टाकले. दत्तप्रसाद पुढे बसला. हद्द ओलांडून ते ओमानच्या गावात गेले. ज्यांची मोटर 'चोरीला' गेली होती ते दोघे आपली जीप घेऊन सोबत आले. वादीतल्या वाटा त्यांना पाठ होत्या. पाऊण तासाने ट्रक दिसला. मागचा एक्सल मोडून एका बाजूला बसला होता. त्याच्या सावलीत खैरुद्दीन पडला होता. अंगाला हात लावला तर तवा. डोळे उघडे होते पण बघत नव्हते.

त्याला कँपच्या दवाखान्याच्या खोलीत आणलं. तिथला एसी फुल लावला. अनुराधाने ओल्या चादरीत गुंडाळला, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत राहिली. ओमानच्या गावातून एक कंपाउंडर सलाइनची बाटली घेऊन आला, ती ब्लँकेटच्या रॅकला टांगली. मुग्धा दाराशी उभी होती. "इज ही गोइंग टु डाय?" तिने विचारलं. मग तीच येऊन त्याच्या कपाळावरचा फडका भिजवायला लागली.

सहा वाजता खैरुद्दीन बोलला. "ट्रकचे टायर कुणी काढून तर नाय ना नेले?" म्हणाला.

दत्तप्रसाद खो-खो हसत सुटला आणि मग बाहेर जाऊन पंपाच्या खोलीमागे बराच वेळ एकटा उभा राहिला. तो घाबरला होता हे त्याला तेव्हा कळलं.

चार दिवसांनी खात्याची जीप आली. त्यातून इद्रीस नावाचा सुदानी कारकून उतरला. सभ्य, सावकाश बोलणारा, हातात फाइल. हिंदी तो आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचा, असं दत्तप्रसाद पुढे सगळ्यांना सांगे.

"आपके यहाँ से एक दुर्घटना की सूचना मिली है," इद्रीस म्हणाला. "कमिटी की मुश्किल यह है, कि इस जगह सिक्युरिटी नहीं है, फिर यहाँ कुछ हुआ कैसे? और दूसरी मुश्किल." त्याने फाइलमधून कागद काढला. "सिक्युरिटी, एक लॉट. मिळाले. यह दस्तख़त आपके हैं?"

"माझी."

"तो वह कहाँ है?"

दत्तप्रसादने बॅरियरकडे बघितलं, माठाकडे बघितलं, शिक्क्याकडे बघितलं. मग त्याने टेबलावरची दोन रजिस्टरं उचलून इद्रीसच्या हातात दिली. दुसरं काही दाखवण्यासारखं त्याच्याकडे नव्हतं.

इद्रीसने पानं उलटली. "ये कौन-सी भाषा है?"

"मराठी."

"गोपनीय है?"

"आता झाली," अनुराधा आतून म्हणाली.

रजिस्टरं जप्त झाली. खात्याने ती भाषांतराला पाठवली. भाषांतरवाल्यांनी हिंदी समजून सुरुवात केली आणि पाचव्या ओळीवर हात टेकले. कमिटीचे मेंबर सुट्टीवरून परतले होते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तेंडोलकर नवरा-बायकोला राजधानीत बोलावणं आलं. रणजितने दत्तप्रसादला आपला टाय दिला आणि बजावलं, "जास्त बोलू नकोस. फक्त म्हण, इट वॉज अ पायलट प्रोजेक्ट."

पण दत्तप्रसादला कुणी विचारलंच नाही. लांब टेबलापलीकडे तीन साहेब बसले होते, मधले अध्यक्ष, करड्या दाढीचे. त्यांनी अनुराधापुढे रजिस्टर सरकवलं. वाचा. ती हिंदीत सांगे आणि इद्रीस त्याचं अरबी करी. हिंदी तिघांनाही येत होती, पण मीटिंग अरबीत असल्यामुळे ते न आल्यासारखे बसले होते आणि प्रत्येक विनोदाला दोनदा हसू दाबत होते.

तिने सगळं वाचलं. गुल मोहम्मदची झोप, कुणाचा फुटलेला टायर, कुणाची दुबईत नोकरी गेली आणि तो सामानासकट परत चाललाय. "आजी, काठी. फोन करायला आली," असं एक पान आलं तेव्हा अध्यक्ष मध्येच म्हणाले, "आगे." तिने पान उलटलं. दोन तास झाले. चहा आला आणि गार झाला. डाव्या हाताचा मेंबर घड्याळ बघत होता, त्याने बघणं सोडलं.

"वो दर्ज़िन का लड़का," तो अचानक हिंदीत बोलून गेला. "बानू टेलर का बच्चा. फिर बुखार आया क्या?"

"नाही आला, सर. तीन पानांपुढे आहे."

अध्यक्षांनी खाकरून त्याच्याकडे बघितलं आणि मीटिंग परत अरबीत गेली.

निर्णय तिथेच झाला. रजिस्टरात उच्च दर्जाची माहिती आहे, असं मीटिंगच्या मिनिट्समध्ये नोंदलं गेलं. त्यावरून सुफैर हे संवेदनशील ठिकाण आहे हे सिद्ध होतं, आणि संवेदनशील ठिकाण मेंटेनन्सवाल्याच्या बायकोवर सोडता येत नाही. तिथे पक्की चौकी व्हावी. काळ्या काचेची केबिन, सहा गार्ड, कुंपण. बॅरियरच्या दोन्ही बाजूंचं मोकळं माळरान बंद करावं. दत्तप्रसादच्या नावावरचा एक लॉट कमी करून नव्या कंपनीच्या नावावर चढवावा. नवी कंपनी रणजितचीच होती. त्याने ती जुलैतच रजिस्टर करून ठेवली होती.

दोघं कॉरिडॉरमध्ये आली. लिफ्टची वाट बघत असताना मागून पावलं वाजली. अध्यक्ष एकटेच येत होते. त्यांच्या हातात रजिस्टर होतं.

"मॅडम. वो पेज," ते म्हणाले. "काठीवाली."

अनुराधाने पान काढलं. या वेळी इद्रीस नव्हता. ती हळू वाचू लागली. "'आजी, काठी, नाकावर मोत्यासारखा तीळ. त्या गावात बहिणीकडे राहते. फोन करायला आली. मुलगा राजधानीत साहेब आहे म्हणते. नंबर लावला, सेक्रेटरीने घेतला, साहेब बिझी. पाणी दिलं, कलिंगड दिलं.'" तिने पानं उलटली. "'आजी परत आली. साहेब बिझी.' 'आजी. बिझी. आज कलिंगड नको म्हणाली.' अशी चार वेळा आहे, सर."

"कौन-कौन से दिन?"

"मंगळवार. चारही. त्या गावातून भाजीचा पिकअप मंगळवारीच येतो, त्यात बसून येते ती."

"मंगल को मैं फोन नहीं लेता," ते म्हणाले. "मीटिंग होती है."

दत्तप्रसादने आपलं बोलायचं म्हणून विचारलं, "कसली, सर?"

"यही. बॉर्डर एरिया. लोगों की सिक्युरिटी."

लिफ्ट आली, उघडली आणि कुणी आत न जाता बंद झाली. त्यांनी खिशातून पेन काढलं, आपल्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे घरचा नंबर लिहिला आणि कार्ड अनुराधाच्या हातात दिलं. मग आपल्या खोलीत गेले. रजिस्टर मात्र सोबत घेऊन गेले. ते आता सरकारी होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मुग्धाची शाळा सुरू झाली. त्याच्या दोन दिवस आधी ट्रेलरवरून तयार केबिन आणि सहा गार्ड आले. ते नेपाळहून थेट आलेले, बिचारे स्वतःच बावरलेले. त्यांना सांगितलं होतं की काचेबाहेर यायचं नाही. ट्रकवाले काचेतल्या फटीतून कागद आत सारत आणि तेच कागद तसेच बाहेर येत. सामान बांधून झाल्यावर अनुराधा कार्ड घेऊन त्या गावाकडे चालत निघाली, तर गार्डने अडवलं. पास लागतो. पास राजधानीतून मिळतो. तिने त्याच्याशी वाद घातला नाही. खैरुद्दीन दहा दिवसांपूर्वीच नव्या एक्सलसह कामाला लागला होता. त्याची गाडी रांगेत होती. तिने कार्ड त्याच्याकडे दिलं आणि काय सांगायचं ते दोनदा पढवलं.

पुढच्या आठवड्यात त्याचा देऱ्याला फोन आला. अनुराधाची किचनची वेळ होती, तिने गॅस बंद करून घेतला.

"दिलं, वैनी. पण त्या म्हातारीला वाचता येत नाय. बहिणीलापण नाय. मग बहिणीच्या सुनेने कोळसा घेतला आणि चुलीवरच्या भिंतीवर एवढे मोठे आकडे काढले. एक आकडा चुकला होता, मी पुसून नीट करून दिला."